लाइट गेली तर

त्या वर्षी सासरे, म्हणजे आमचे अण्णा, हिवाळाभर उत्तरेकडे, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिले. हातातला छोटा कॅमेरा त्यांनी खाली म्हणून ठेवला नाही. नातीचा कथकचा रियाझ, गच्चीवरचे पतंग, मटार सोलत बसलेली मी, सगळं टिपलं. हे सारं साताऱ्याला आईंना दाखवण्यासाठी. सासूबाईंना काचबिंदू होता. नजर दोन्ही बाजूंनी आत आत येत चालली होती, आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लांबचा प्रवास त्यांना झेपत नव्हता. आमचं घर पाहायचं ते आता टीव्हीवरच, आणि लवकर.

नवऱ्याने टीव्हीच्या मागे एक इवलासा कॉम्प्युटर बसवला होता. पत्त्याच्या पानाएवढा नुसता बोर्ड, पण घरातले सगळे व्हिडिओ त्यातच. अण्णा निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याला बाहेरची डिस्क जोडून कॉपी लावली. सकाळी पाहते तर निम्मीही झालेली नाही. गाडी त्याच संध्याकाळची होती.

"होईल हळूहळू," नवरा म्हणाला. तो रेल्वेचे डबे तपासणारा माणूस, त्याला घाई ठाऊक नाही. माझा पारा चढला. मी स्वतः सर्किटांवर पोट भरणारी बाई, आणि माझ्याच घरात हे कासव! ऑफिसला सुट्टी टाकली आणि टीव्हीमागे बसले.

आधी वाटलं, डिस्क उपाशी आहे, त्या चिमुकल्या बोर्डाकडून तिला पुरेशी वीज मिळत नाही. तिला वेगळा अडॅप्टर दिला. थोडा फरक पडला, तोही थोडाच. केबल बदलली. काही नाही. मग डिस्क जोडतानाच्या सेटिंग्ज उघडल्या आणि कपाळावर हात मारला.

कॉम्प्युटर एरवी आलेला माल आधी मेमरीत घेतो आणि सवडीने, गठ्ठ्याने डिस्कवर लिहितो. आमच्याला मात्र नवऱ्याने बजावून ठेवलं होतं की एक तुकडा डिस्कवर पक्का लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. काही वर्षांपूर्वी कॉपी चालू असताना लाइट गेली आणि मुलीच्या बारशाचे फोटो गेले, तेव्हापासूनचं हे. दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून प्यायचं.

"हे काढते मी," मी म्हटलं.

"लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टर आहे ना आता."

"असू दे. तरी लाइट गेली तर?"

"तर तू आईंना फोन करून सांग, तुझा मुलगा फार जपून वागतो म्हणून."

मी सेटिंग्जमधला तो बजावणीचा एक शब्द खोडला, डिस्क काढून पुन्हा जोडली. मुलगी पडद्याला नाक लावून बसली होती. "मम्मी, अब तो भाग रहा है," ती म्हणाली. जेवणं उरकेपर्यंत कॉपी संपली. अण्णांनी डिस्क स्वेटरच्या घडीत गुंडाळून उशाच्या पिशवीत ठेवली. मी दिवसभर मिरवले.

आठवड्याने फोन केला. सगळं पाहून झालं का, असं विचारलं, तर अण्णा म्हणाले, "छे. ती रोज एकच व्हिडिओ लावायला सांगते. तोच पुन्हा पुन्हा."

मला खरंच राग आला. एवढा जीव तोडून मी वेग वाढवला होता, आणि इथे दिवसाला एक? डोळे आहेत तोवर पाहून घ्यायचं सोडून! मी फोन आईंना द्यायला सांगितलं.

"आई, पटापट बघून घ्या ना सगळे."

"नको गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "एक नीट मनात बसला की मगच दुसरा घेते. पुढे दिसेनासं होईल, तेव्हा मनातलंच पाहायचंय मला."

नवरा शेजारीच उभा होता. त्याने काय झालं म्हणून खुणेने विचारलं. "आईंचीही तुझीच सेटिंग," म्हणत मी फोन त्याच्या हातात दिला.