को-मार्क फॉरेनची गाडी

माझ्या बायकोनं आयुष्यात एकदाच मला कोरा चहा पाजला, पण तो सलग पाच महिने पाजला. कारण मी तिची म्हैस विकली होती, आणि म्हैस विकून जपानची गाडी घेतली होती.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा एजंट होतो. एजंट म्हणजे ऑफिस-बिफिस काही नाही. स्टँडजवळ चहाच्या गाड्यापुढचं एक बाकडं आणि तोंडातली जीभ, एवढंच भांडवल. त्या जिभेवर मी दारं सुतळीनं बांधलेल्या अँबॅसिडर विकल्यात. एक तर बिनपेट्रोलची चालते म्हणून विकली. उतारावर ती खरंच चालायची.

अशात एक साखर कारखान्यातले केमिस्ट भेटले. आफ्रिकेतल्या कारखान्यात दहा-बारा वर्षं काढून ते परत आले होते आणि येताना आपली जपानी गाडी बोटीतून घेऊन आले होते. आता त्यांना चंदगडकडं काजूची बाग करायची होती, आणि तिकडच्या पावसात त्या गाडीची होडीच झाली असती. म्हणून विकायची होती. गाडी पांढरी, दार लावलं की फ्रीज लावल्यासारखा आवाज, काचा बटणावर वरखाली. आणि एसी? दसरा चौकात मी एसी सुरू केला तर तिकडं पन्हाळ्यावर लोकांनी स्वेटर घातले. केमिस्टनी सोबत कागदांची एक पिशवी दिली. त्यात गाडी जपानातल्या कोबे नावाच्या बंदरातून निघाली, असा शिक्का होता. हे कोबे लक्षात ठेवा.

माझा हिशेब सोपा होता. देशी गाडीला जो भाव मिळतो, त्याच्या दुप्पट फॉरेनच्या गाडीला मिळायलाच पाहिजे. मी माझी स्वतःची अँबॅसिडर विकायला काढली. ती अर्ध्या दिवसात गेली. तरी पैसे कमी पडत होते. मग गोठ्याकडं नजर गेली.

म्हैस बायकोची. माहेरहून रेडकू म्हणून आलेली. राधानगरीकडच्या एका दूधवाल्या पावण्यानं ती घेतली. पण माणूस दिलदार. जाताना बायकोला म्हणाला, "वैनी, रडू नगासा. दिवाळीच्या पाडव्याच्या आत पैसं आणून दिलासा तर म्हस हाय त्या भावात माघारी न्या. पाडवा झाला की मातर ती माझी."

पाडवाच का, हे कोल्हापूरकराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर काढतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, पायात चाळ घालायचे. मालक पुढं मोटारसायकल पळवतो आणि म्हैस त्याच्या मागनं धावते. बायकोच्या म्हशीचा आठ वर्षांत एकही पाडवा चुकला नव्हता.

बायको म्हणाली, "अवं, गाडी इका, न्हाईतर सवताला इका. पाडव्याला माझी म्हस दारात पायजे. तवर ह्या घरात दुधाचा थेंब यायचा न्हाई."

आणि कोरा चहा सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात निम्मं कोल्हापूर गाडी बघून गेलं. कोण काचा वरखाली करतंय, कोण लग्नातल्यासारखा फोटो काढून घेतंय. एक पैलवान आत बसला तर पलीकडचं चाक वीतभर उचललं गेलं. तोही म्हणाला, "नादखुळा गाडी हाय, पावणं!" आणि उतरताना म्हणाला, "पार्ट मिळतो का?"

हा प्रश्न मी त्या पावसाळ्यात इतक्या वेळा ऐकला, की त्यापुढं पंचगंगेला पाणी कमी आलं असंल. पार्ट मिळतो का? मिळत नव्हता. माझं तोंड उघडायच्या आत गिऱ्हाईक चप्पल पायात घालायचं.

तेव्हा मला धंद्यातली खरी गोष्ट कळली. अँबॅसिडरचा भाव अँबॅसिडरमध्ये नव्हताच. गल्लीतल्या पार्टच्या दुकानात, झाडाखाली बसलेल्या मेकॅनिकच्या पान्यात तो होता. ती गाडी मोडायची रोज, पण मोडल्यावर जगातलं कुठलंही गाव तिला परकं नव्हतं. आणि माझी महाराणी? ती मोडत नव्हती म्हणूनच लोक घाबरत होते. एकदा मोडली की संपलं!

आणि ती मोडली. पन्हाळ्यावरच्या एका लॉजमालकाला दाखवायला नेत होतो. वाघबीळच्या चढाला बॉनेटमधून एवढी वाफ निघाली, की पन्हाळ्याला धुकं पडलं असं समजून चार पर्यटक उतरून फोटो काढायला लागले. पाण्याचा पंप गेला होता. मुंबईला फोन केला तर म्हणाले, दीड महिना लागेल, आणि किंमत सांगितली. आमच्या घरात तेव्हा सगळ्या किमती म्हशीतच सांगाव्या लागत, त्यामुळं बायकोला सांगितलं, "मागच्या दोन पायांएवढी."

कोरा चहा त्या दिवशी बिनसाखरेचा आला.

शेवटी पंप पिशवीत घालून मी उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वस्तीत गेलो. तिथं लेथवर एक म्हातारे मिस्त्री काम करायचे. मापं घेऊन घेऊन त्यांचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता. ते माणसाकडं बघायचे तरी वाटायचं, आता सूतभर कमी करणार.

"मिस्त्री, जपानचा पार्ट आहे," मी जरा अदबीनं म्हणालो.

"मग? जपानात लोखांड झाडाला लागतंय व्हय?" त्यांनी पंप हातात घेऊन फिरवला. "सोमवारी ये."

त्यांनी सागवानी लाकडाचा हुबेहूब साचा केला, त्यावरनं शेजारच्या फाउंड्रीत नवा पंप ओतून घेतला, लेथवर घासला आणि सोमवारी पंप हातात दिला. मूळच्यापेक्षा देखणा. फक्त कडेला एक बारीक अक्षर ठोकलं होतं: को.

"हे काय?"

"माझं मार्क. कोल्हापूर."

"मिस्त्री, तेवढं घासून काढा की. गिऱ्हाईकाला कळंल."

"कळू दे की! मी काय चोरी केलीया?"

त्यांनी घासलं नाही. मी घरी येऊन त्याच्यावर बोटभर ग्रीस फासलं.

मग एकेक करत सगळंच निघालं. ब्रेकचा सिलिंडर गेला, काचेचा दांडा गेला, इंजिनाखालचा कान तुटला. प्रत्येक वेळी मिस्त्री तेच म्हणायचे, "सोमवारी ये." प्रत्येक वेळी नवा साचा, नवा पार्ट, नवं को. आणि प्रत्येक वेळी माझं ग्रीस. दसऱ्यापर्यंत गाडीची अवस्था अशी झाली, की सीटवर बसलं तर समोर जपान आणि बॉनेट उघडलं तर उद्यमनगर.

मधे पन्हाळ्याचा लॉजमालक एकदा येऊन गेला होता. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "एकूण एक पार्ट ओरिजिनल. जपानी हाताशिवाय दुसरा हात लागलेला नाही."

"म्हंजे मोडली की ढकलत जपानला न्यायची?" असं म्हणून तो गेला.

पण त्याचं मन एसीत अडकलं होतं. पाडव्याला चार दिवस राहिले असताना तो परत आला, या खेपेला ड्रायव्हरला घेऊन. गाडी मिस्त्रींच्या शेडपुढं उभी होती. ड्रायव्हर माझ्यापेक्षा बेरकी निघाला. त्यानं बॉनेट उघडलं, खिशातनं फडकं काढलं आणि ग्रीस पुसलं.

"मालक, हितं को लिवलंय."

"कुठं?"

"हितं. हितं बी हाय. हे बघा आनी एक."

चोरी पकडली गेली होती. पण जीभ ती जीभ. मी म्हणालो, "को म्हणजे कोबे! जपानातलं मोठं बंदर. कागद दाखवू का?"

पिशवीतला शिक्का मी अर्धा बाहेर काढलाही होता. तेवढ्यात लेथ बंद झाला आणि मागून आवाज आला.

"कोबे न्हवं, कोल्हापूर. खोटं का सांगतोस लगा? बावीस पार्ट म्या केल्यात."

मला वाटलं, संपलं. म्हैस राधानगरीची झाली, आणि मी आता कोरा चहा पीतच मरणार. मान खाली घालून उभा राहिलो.

लॉजमालक म्हणाला, "बावीस? आनी त्यातला एखादा मोडला तर?"

मिस्त्री आत गेले. आम्ही मागोमाग. भिंतीवर फळी होती आणि फळीवर माझ्या गाडीचे बावीसच्या बावीस लाकडी साचे ओळीनं मांडलेले. वर खडूनं गाडीचा नंबर. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझं सगळं लक्ष ग्रीसवर.

"मोडला तर घिऊन यायचं. साचा हाय. उरलेलं मोडलं तर त्याचा बी करू," मिस्त्री म्हणाले.

लॉजमालकानं फळीवर बराच वेळ नजर फिरवली. मग माझ्याकडं वळला. "हे पयल्यांदाच सांगिटलं असतंस तर गाडी तवाच न्हेली असती की, शाण्या! तीन म्हयनं मला जपान दाखवत बसलास."

भाव ठरला. एक म्हैस सुटून वर दोन रेडकं येतील एवढा. फॉरेनच्या गाडीला भाव आला तो ती फॉरेनची राहिली नाही म्हणून, आणि आणला तो एका माणसानं स्वतःचं अक्षर घासायला नकार दिला म्हणून.

त्यानंतर मी खोटं बोलायचं सोडलं असं लिहिलं, तर तेच एक खोटं होईल. पण पार्टच्या बाबतीत कधी बोललो नाही. दोन हजार सालानंतर फॉरेनच्या कंपन्यांची दुकानंच शहरात आली. पार्ट फोनवर मिळायला लागले, देशी आणि इंपोर्टेड हा भेद गिऱ्हाईकाच्या तोंडी उरला नाही. तरी लॉजमालकानं पुढं ती गाडी विकली तेव्हा मला मुद्दाम सांगितलं, "घेनाऱ्यानं पयलं को मोजलं, मग टायर बघितलं." आज माझं जे काही बरं चाललंय, त्यातलं निम्मं त्या फळीवरचं आहे. बाकीचं निम्मं बायकोचं. माझं स्वतःचं फक्त ग्रीस.

पैसे हातात आले तसे आम्ही दोघं टेंपो घेऊन राधानगरीला गेलो. पावण्यानं शब्द पाळला. एक रुपया वर मागितला नाही, उलट वाटेसाठी वैरणीची पेंढी टाकली. म्हशीनं बायकोला हुंगलं आणि माझ्याकडं पाठ केली.

पाडव्याला मिस्त्री घरी आले. बायकोनं म्हशीची शिंगं रंगवली होती, मोरपिसं बांधली होती, आणि पांढऱ्या रंगानं पाठीवर एकच टपोरं अक्षर काढलं होतं. को.

"वैनी, हे काय?"

"खात्रीचा माल हाय, म्हनून."

मिस्त्री लाजले. तो डोळा आणखी बारीक करून त्यांनी म्हशीभोवती एक पूर्ण फेरी मारली, खुरापासून शिंगापर्यंत मापं घ्यावीत तशी, आणि मला म्हणाले, "हिचा मातर एकबी पार्ट मला जमायचा न्हाई. पुन्यांदा इकू नगंस."

आतून चहा आला. पहिला कप मिस्त्रींना, दुसरा मला. वर साय होती.