हलगीची कॅसेट

ऑर्केस्ट्राच्या मालकानं सोलापुरातून एक जुना सिंथेसायझर उचलून आणला होता. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, वाजवायचो मी. आतला सेल मेलेला, त्यामुळं वीज गेली की भरलेले सगळे आवाज पुसले जायचे. सेल बदला म्हटलं की मालक आज-उद्या करायचा. मग दर कार्यक्रमाआधी टेपरेकॉर्डरची वायर यंत्राच्या पाठीत खुपसायची, आवाजांची कॅसेट लावायची आणि स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी ती खरखर तीन-चार मिनिटं आत जाऊ द्यायची. टेपचा आवाज जरा जरी कमी पडला, तरी यंत्राच्या छोट्या पडद्यावर चूक दिसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

विकतच्या कॅसेटमध्ये बासरी होती, व्हायोलिन होतं, कसकसल्या घंटा होत्या. हलगी त्यात कुठून असणार? ती मी बनवली. दोन महिने बटनं पिळत बसलो. शेकलेल्या कातड्याचा कडक आवाज जमला तेव्हा एवढा हुरळलो, की वेगळ्या कॅसेटवर उतरवून मालकाला ऐकवला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! त्यानं गावभर दवंडी पिटली.

आमच्या घरात हलगी नव्हती. धम्म घेतला त्याच साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सोडली. जत्रेत नाही, मयतीत नाही, पाटलाच्या दारात तर नाहीच, असं त्यांनी चावडीवर सांगितलं. त्यापायी गावानं त्यांना काम दिलं नाही, विहिरीवर येऊ दिलं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तरी हलगी बनवून बसलो होतो.

ते दुष्काळाचं साल होतं. गावोगाव टँकरपुढं घागरींच्या रांगा, आणि नळदुर्गजवळच्या सहकारी साखर कारखान्यावर गळीत हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम मात्र थाटात. मांडव, गालिचे, आमचा ऑर्केस्ट्रा. माझं वाजवणं आबांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून तामलवाडीहून एसटीनं आले आणि दुसऱ्या रांगेत बसले.

चेअरमनची जीप फाट्यावर दिसली तसा एक संचालक स्टेजवर चढला.

"सायेब आत आले की हलगी वाजीव. तुझ्या पेटीत हाय म्हणं."

"स्वागतगीत बसवलंय, साहेब."

"ऱ्हाऊ दे ते गीत. हलगी तुमाला काय शिकवाया लागती व्हय? रक्तातच हाय की तुमच्या!"

माईक चालू होता. मांडवात हशा पिकला. मालकसुद्धा खी खी हसला. ज्याच्या उसाला भर दुष्काळात पाणी मिळत होतं, तो माणूस मला माझं रक्त सांगत होता! तळपायाची आग मस्तकात गेली. आबांकडं बघायची हिंमत झाली नाही. माईक हिसकावून त्याला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं.

आणि मी केलं काय? कॅसेट लावली, वायर खुपसली आणि टेपचा आवाज मुद्दाम कमी केला. पडद्यावर चूक दिसली. पुन्हा लावली, पुन्हा चूक.

"होल्टेज लई कमी हाय, साहेब. आवाज भरंना," मी म्हणालो. हात जोडून म्हणालो. त्या जोडलेल्या हातांचा मला आजही संताप येतो.

"काय डबडं आणलंय!" म्हणत तो खाली उतरला. स्वागतगीतच वाजलं. मोळी पडली, पेढे वाटले.

परतताना नळदुर्गच्या स्टँडवर मी आबांना सगळं सांगितलं. टेपचा आवाज कसा हळूच कमी केला, त्या संचालकाला कसा बनवला. शाबासकी मिळेल असं वाटत होतं. एसटी लागली. पायरीवर पाय ठेवून ते मागं वळले.

"आमी न्हाय म्हनलो हुतो रं," ते म्हणाले. "तू मशीन बिघडलं म्हनलास."