कोमलचा खांदा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. ज्यांना सांगायलाच हवं होतं ते कदम सर गेले, त्यामुळे ते तर राहूनच गेलं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसलं की माझी जीभ दुसरंच काहीतरी बोलते — मुलांची शाळा, भाजीचे भाव, यंदाचं ऊन.

मी परभणीची. विद्यापीठाच्या आवारात लहानाची मोठी झाले. वडील तिथे क्लार्क होते, आम्हाला क्वार्टर मिळालेलं, आणि क्वार्टरच्या मागेच टेनिसचं कोर्ट होतं. मुरमाचं. रोज पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीनं रेघा ओढायच्या. दर उन्हाळ्यात तिथे पोरांचं शिबिर भरतं. आता ते मीच घेते. तेव्हा कदम सर घ्यायचे आणि मी त्यांच्या हाताखाली असायचे. नुकतीच बी.पी.एड. झाले होते. आवारात मला सगळे 'टेनिसवाली मनीषा' म्हणायचे.

ते नाव मला फार आवडायचं, हे आधीच कबूल करते. भाजीवालीनं म्हटलं तरी बरं वाटायचं. पण खरं सांगू? परभणीत टेनिस खेळणाऱ्या मुली होत्या तरी किती? वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं माझं होतं. विद्यापीठाकडून बाहेर खेळायला गेले की पहिल्याच फेरीत हरून परत यायचे, आणि हरायचे ते नेहमी सर्व्हिसवर. चेंडू उंच उडवायचा, क्षणभर थांबायचं, गुडघे वाकवायचे, मग मारायचा — पुस्तकातल्या चित्रासारखी देखणी सर्व्हिस होती माझी. घरच्या कोर्टावर पडायची. सामन्यात वाऱ्यानं चेंडू हलायचा, आणि एकदा जाळीत, एकदा बाहेर. दोन्ही संधी वाया, गुण समोरच्याला. सर कधी लागेल असं बोलले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "मनीषा मेहनती हाय." वर्षानुवर्षं एखाद्याला नुसतं मेहनती म्हणत राहायचं, याचा अर्थ न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

त्या उन्हाळ्यात कोमल आली. वालूरची, तेरा वर्षांची, वेणीला काळी रिबन. वडील तिथल्या शाळेत गुरुजी. शिबिरापुरती ती परभणीत आत्याकडे राहायला आली होती. कुणीतरी दिलेली जुनी रॅकेट, तिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. वालूरला टेनिस कुठलं? तिथल्या बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीवर चेंडू मारत मारत ती एकटीच शिकली होती. शेडचे लोखंडी बार खाली होते, चेंडू उंच उडवला की बारला लागायचा. म्हणून ती जेमतेम डोक्याइतकाच उडवायची आणि तो वर जाता जाताच फाटकन मारायची. थांबणं नाही, वाकणं नाही. बघायला ओबडधोबड. पण पलीकडच्या पोराला चेंडू कधी आला तेच कळायचं नाही.

पहिल्या दिवशी तिनं सर्व्हिस मारली तेव्हा सरांच्या हातात चहा होता. त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला. "परत मार बरं, बाळ," म्हणाले. तिनं मारली. पुन्हा मारायला लावली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मनीषा, हिच्या सर्व्हिसला हात लावू नको. जशी हाय तशी राहू दे. देवानं दिलेली हाय ती."

मी हो म्हणाले. चहा तसाच गार झाला, त्यांनी तो प्यायलाच नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या खेळात त्यांनी एकदाही चहा खाली ठेवला नव्हता.

तुम्ही कधी कुणावर जळला आहात का? म्हणजे शेजारणीच्या साडीवर जळतो तसं नाही — ते तर आपण सगळेच करतो आणि हसून सोडूनही देतो. मी म्हणतेय ते वेगळं. सकाळी डोळा उघडला की आधी तेच आठवायचं. आणि ज्या पोरीवर जळत होते ती माझ्याहून निम्म्या वयाची! तिनं माझं काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. उलट ती सगळ्यांच्या आधी यायची, माझ्यासोबत कोर्टावर पाणी मारायची, गावाहून आलेल्या कैऱ्या आणायची आणि त्यातली मोठी मला काढून ठेवायची. मी केसांना रुमाल बांधायचे तसा बांधायला लागली. "ताई, मला तुमच्यासारखं व्हायचंय," असं एकदा म्हणाली. माझ्यासारखं! मला तिथल्या तिथे तिच्या तोंडात मारावीशी वाटली. मी हसले आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

मग सरांच्या मुलीचं बाळंतपण निघालं, नांदेडला. काहीतरी अवघड झालं होतं, त्यांना जावं लागलं. पंधरा-वीस दिवस तरी येणार नव्हते. जाताना म्हणाले, "शिबिर तुझ्या हवाली." शिबिर संपल्यावर संभाजीनगरला निवड चाचणी होती. तिथे निवड झालेल्या मुलांना क्रीडा वसतिगृहात ठेवून घ्यायचे — शाळा, जेवण, खेळ, सगळं तिथेच. सरांनी कोमलचं नाव आधीच पाठवलं होतं.

आता सांगायला हवं. किती वेळ इकडचं तिकडचं सांगत बसणार?

मी कोमलची सर्व्हिस मोडली. चुकून नाही, जाणूनबुजून. सर गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुझी पद्धत गावठी आहे, मोठ्या स्पर्धेत लोक हसतील. हसतील, हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिचा चेहरा उतरला. मग मी तिला माझी सर्व्हिस शिकवली. उंच उडव. थांब. गुडघे वाकव. आता मार. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, इतर पोरं घरी गेल्यावरही. संध्याकाळच्या गरम वाऱ्यात चेंडू कुठल्या कुठे जायचा आणि ती पळत जाऊन पुन्हा रेघेवर उभी राहायची. मधूनच तिचा हात जुन्या सवयीनं फाटकन सुटायचा, चेंडू सण्णकन कोपऱ्यात पडायचा — आणि मी म्हणायचे, "चूक. परत." ती "सॉरी ताई" म्हणायची.

यातली गोम अशी की मला कुणी नावं ठेवूच शकत नव्हतं. मी शिकवत होते ते पुस्तकात तसंच दिलेलं असतं. प्राध्यापकांच्या बायका कट्ट्यावर बसून बघायच्या आणि म्हणायच्या, मनीषा त्या खेड्यातल्या पोरीवर किती मेहनत घेते. पण ही सर्व्हिस भर सामन्यात कशी दगा देते ते त्या अख्ख्या आवारात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला माहीत होतं. रोज माहीत होतं. दुपारी घरी जेवताना माहीत होतं.

सर परत आले तोवर जुनी सर्व्हिस तिच्या हातातून गेली होती आणि नवी आली नव्हती. सरांनी चार-पाच चेंडू बघितले. मग माझ्याकडे वळले. "हे काय केलं?"

आणि मी म्हणाले, "सर, तिचा खांदा दुखायला लागला होता. म्हणून बदलली."

कुठून आलं ते तोंडात, मला सांगता येणार नाही. ठरवलेलं नव्हतं. इतकं सहज आलं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

सरांनी कोमलला बोलावलं. तिच्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबून विचारलं, "इथं दुखतं का, बाळ?" तिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कसं सांगू? त्यात आरोप नव्हता. शंकासुद्धा नव्हती. वर्गात उत्तर आठवत नसलं की पोरं बाईंच्या तोंडाकडे बघतात, तशी बघत होती. मी मान हलवली. अगदी थोडीशी.

"हो सर," ती म्हणाली. "दुखतो."

मी तेव्हाही बोलू शकले असते. सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग जुनी सर्व्हिस मारायची न्हाई आता. खेळ काय, येतो अन् जातो. खांदा जन्माचा असतो." त्या रविवारी तिचे वडील, गुरुजी, भेटायला आले तेव्हा सरांनी त्यांनाही तेच सांगितलं, पोरीला जड उचलू देऊ नका म्हणाले. गुरुजी ऐकताना शाळेतल्या मुलासारखे हात बांधून उभे होते.

चाचणीला मीच घेऊन गेले तिला. गुरुजी सोबत होते. सकाळच्या गाडीनं गेलो, डब्यात कोमल खिडकीपाशी बसून हाताच्या बोटांनीच चेंडू उडवायचा सराव करत होती. तिथलं कोर्ट मोकळ्या माळावर होतं, वारा भणाणलेला. तिनं चेंडू उंच उडवला. थांबली. गुडघे वाकवले. जाळीत. पुन्हा उडवला — बाहेर. पुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. मी स्वतः इतक्या वेळा तशीच हरले होते, पण बाहेरून पहिल्यांदाच बघितलं. यादी वाचली, त्यात कोमलचं नाव नव्हतं.

आणि मला काय वाटलं? इथेच मला खोटं बोलायचा मोह होतोय. वाईट वाटलं असं म्हणावंसं वाटतं. नाही वाटलं. अंग हलकं झालं. स्टेशनच्या बाहेर गाड्यावर गरम भजी होती, मी दोन प्लेट खाल्ली, वर मिरची मागून घेतली. कित्येक दिवसांनी मला एवढी भूक लागली होती. कोमलनं काही खाल्लं नाही. गुरुजी माझ्या भज्यांचे पैसे देऊ लागले, मी नको म्हटलं तरी ऐकेनात. "ताई, तुमी लय कष्ट घेतले तिच्यावर," म्हणाले. "तिच्या खांद्यानंच साथ दिली न्हाई, त्याला तुमी तरी काय करणार?"

पुढच्या उन्हाळ्यात ती आली नाही. सर विचारायचे, "वालूरच्या पोरीचं काही कळलं का गं?" मी नाही म्हणायचे. मग सरही विचारेनासे झाले. मग सरांचं वय झालं, शिबिर माझ्याकडे आलं. आता लोक मला मनीषा मॅडम म्हणतात. माझ्या हाताखालून किती पोरं गेली, आणि कुणाचीही सर्व्हिस बदलायची वेळ आली की मी ते काम दुसऱ्याकडे देते. सगळ्यांना वाटतं, मॅडमना कंटाळा येतो.

या मे महिन्यात ती आली. भावाच्या मुलीचं नाव घालायला. मी लांबूनच ओळखलं, पण ओळख दाखवली नाही, तिनंच हाक मारली. "ताई, वळखलं का?" अंगानं भरली होती. मानवतला दिली होती तिला, तिथेच एका शाळेत शिकवते म्हणाली. सोबत स्वतःची तीन-चार वर्षांची पोरगी होती. ती उन्हानं कावली होती, आईच्या साडीला लोंबकळत उचल उचल करत होती. कोमल तिला समजावत होती आणि माझ्याशी बोलतही होती.

"उजव्या हातानं उचलीत न्हाई मी हिला," ती म्हणाली. "खांदा लहानपणापासूनच कमजोर ना माझा. लग्न ठरलं तवाच सासरी सांगून टाकलं होतं बाबानं. एक-दोन स्थळं गेली त्याच्यापायी. पण ह्यांनी समजून घेतलं. पाण्याचा हंडासुदीक उचलू देत न्हाईत." मग ती हसली. "ताई, तुमी येळेवर वळखलं म्हणून. न्हाई तर माझा हातच गेला असता. मी सगळ्यांना सांगती तुमचं नाव."

कोर्टावर कुणी नव्हतं. शिबिराची पोरं पाणी प्यायला गेली होती, भाची अर्ज घेऊन ऑफिसकडे गेली होती. ऐकणारं तिसरं माणूस म्हणजे ती तीन-चार वर्षांची पोर. याहून सोपी वेळ मला कधी मिळाली असती?

मी विचारलं, "अजून दुखतो का गं?"

"थंडीत लय दुखतो," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं उजवा खांदा चोळला.

मी म्हणाले, "जपत जा. ओझं उचलू नको."