केळीचा धागा आणि माझ्यावरचा आळ

आज, शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता, आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये मला चारचौघांत खोटारडी ठरवण्यात आलं. म्हणून गटावरच्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय.

फुलांच्या दागिन्यांची स्पर्धा होती. माझी भाची सुधा सात महिन्यांची गरोदर आहे. संध्याकाळच्या डोहाळजेवणालाही तिला घालता येईल म्हणून मी पहाटेपासून बसून मोगऱ्याच्या कळ्या, अबोली आणि मरव्याचा साज केला: मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा.

पुण्याहून नुकत्याच आलेल्या परीक्षकबाईंनी सुधाच्या दंडावरचा बाजूबंद उलटा करून पाहिला.

"हे तर केळीच्या धाग्याने बांधलंय! आपल्या बायका सुईने ओवतात. असं तर इथले फुलवाले बांधतात. बाजारातून आणलंत ना?"

"बाई, माझा जन्म इथलाच, तिरुवल्लिकेणीतला. इथे आम्ही तंजावरकडच्या मराठी बायकाही तमिळ बायकांसारखी सुईशिवाय, केळीच्या धाग्यानेच फुलं बांधतो."

"सगळे असंच म्हणतात."

मी उरलेल्या कळ्या घेऊन तिथेच वीतभर सर बांधून दाखवला. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

चिटणीस म्हणाले, "मावशी, सोडा हो, कशाला वाद?" आणि माझं नाव बाद केलं. सुधाने रडत मुकुट उतरवला. "आळ आलेला साज मी ओटीभरणाला कसा घालू?" म्हणाली.

बक्षीस गेलं चुलीत. पण सुईने ओवलं तरच मराठी, हे कुणी ठरवलं? तुम्हीच सांगा.

मंडळाने बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी उत्तर द्यावं. आळ सगळ्यांसमोर घेतलात, तेव्हा माफीही त्याच हॉलमध्ये, सुधासमोर वाचून दाखवा.