बिनहाराची मोटार

सीताबर्डीच्या त्या मिस्त्रीकडे मी दोन वर्षं जात होतो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही; सगळे मिस्त्रीच म्हणत. वडिलांची मोटार गोठ्यात पडून गंजली होती, ती त्याच्याकडे दिली होती. तो पत्र्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करी, कान लावी आणि मान हलवी. मग सडलेला भाग कापून तिथं नवा पत्रा ठोकून बसवी. लढाईमुळे विलायतेहून सुटे भाग येत नव्हते, ते तो स्वतःच घडवी. माझा अर्धा पगार त्यातच जाई.

बहिणीचं लग्न ठरलं. वरात त्याच मोटारीतून काढायची, असं मी घरी बोलून बसलो होतो. मिस्त्रीला म्हटलं, "आता वरून रंग मारा."

तो हात पुसत राहिला. "काहून घाई करून राहिले बाबूजी? खालचा पत्रा सडकाच आहे. रंग मारला तं गंज आतून खाते."

"मारा म्हणतो ना."

त्यानं मारला. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाल्यावर त्यानं दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीला झेंडूचा हार घातला. माझी चकचकीत मोटार तेवढी वगळली. मी विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "ते झाली नाही ना जी अजून."

मीच हार विकत आणून घातला.

वरात थाटात निघाली. पुढच्या पावसाळ्यात मोटारीचा तळ गळून पडला. भंगारवाल्याला ती फोडायला फारसा वेळ लागला नाही; मिस्त्रीनं बसवलेले पत्रे मात्र निघता निघेनात.