दिवेलागणीच्या आत

केशव रोज सकाळच्या गाडीने जालन्याहून बदनापूरला जायचा. तिथल्या एका सरकारी कचेरीत तो कारकून होता. अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात एका सकाळी गाडी बदनापूरला थांबली, बरोबरची मंडळी उतरली आणि केशव खिडकीशी बसून राहिला. फलाटावरून एका सोबत्याने हाक मारली, "अहो केशवराव, उतरा की!" केशवने त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसलाही, पण जागचा उठला नाही. गाडी औरंगाबादच्या दिशेने निघून गेली.

घरात भांडण नव्हतं, बाहेर कुणाशी वाकडं नव्हतं. त्याच्या बायकोने, शैलाने, त्या सकाळी डब्यात मेथीची भाजी दिली होती, ती कमी तिखट झाली होती, एवढंच तिला आठवत राहिलं. पोलिसांत वर्दी दिली, नातेवाइकांना कळवलं, पेपरात फोटो छापून आणला. काही हाती लागलं नाही.

वर्षभराने कुणीतरी सांगत आलं, षष्ठीच्या यात्रेत पैठणला नदीच्या घाटावर केशवसारखा माणूस पाहिला. शैला त्याच क्षणी निघाली असती; पण जालन्यात मस्तगडच्या घरात सासूबाई होत्या. गिरिजाबाईंचं कमरेचं हाड मोडलेलं, कूससुद्धा दुसऱ्याने वळवावी लागे. शेजारच्या उषाबाई दिवसभर त्यांच्यापाशी बसायला तयार झाल्या, पण संध्याकाळी त्यांना त्यांचं घर होतं. गिरिजाबाई म्हणाल्या, "जा बाई. पण रात्री मला एकटीला टाकू नकोस."

एस.टी.ने जायचं तर मुक्काम पडणार. म्हणून शैलाने भाड्याची गाडी ठरवली. गाडी जुनी अ‍ॅम्बॅसिडर होती, आणि ती चालवणारा कचरू कुंभार पिंपळगावचा. अंबड, पाचोड करत त्याने तिला पैठणला नेलं. तिने घाट पाहिले, धर्मशाळा पाहिल्या, भिकाऱ्यांच्या रांगेत वाकून एकेकाचा चेहरा पाहिला. केशवची एक खूण पक्की होती. लहानपणी कुत्रा चावल्यामुळे त्याच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. ती कान बघत फिरली. दिवेलागणीच्या आत दोघं परत आले.

मग तो नेमच झाला. शैला मुलींच्या शाळेत शिकवायची. सुटी लागली की ती कचरूला निरोप पाठवी. घर सोडून गेलेला माणूस शेवटी देवाच्या दारी भाकरीला येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा देवस्थानं धरायची, पण एका दिवसात जाऊन येण्यासारखी. परळी झाली, औंढा झालं, पहाटे निघून शेगावही केलं. कुठे रस्ता चांगला, कुठे नदीला पाणी असेल, कुठून परतायला उशीर होईल, हे ती आणि कचरू आधी बोलून ठरवत. शाळेतल्या बायका म्हणत, "तुमचं एक बरं आहे शैलाताई, सगळे देव बघून झाले." गाभाऱ्यातली मूर्ती शैलाने एकाही ठिकाणी धड पाहिली नव्हती.

परत आली की गिरिजाबाई विचारत, "दिसला?"

"नाही आई."

"बरं. हात धू, जेवून घे."

अशीच चार-पाच वर्षं गेली. एका दिवाळीत लोणारला जायचं की वेरूळला, असा प्रश्न पडला. शैलाच्या मनात लोणार होतं. कचरू म्हणाला, "बाई, लोणारचा रस्ता उखडून राह्यलाय. मी परवाच गेल्तो. वेरूळ बराबर राहील, जल्दी परत येऊ." तिने वेरूळ धरलं. तिथेही काही नव्हतं.

लोणार उन्हाळ्यात झालं. गोमुखातून पडणाऱ्या धारेवर माणसं आंघोळ करत होती. देवळाच्या पायरीशी फुलं विकणारी चांगुणाबाई नावाची म्हातारी होती. शैलाने नेहमीसारखं विचारलं आणि कानाचं सांगितलं. म्हातारीने फुलांवरचा हात उचलला.

"होता नं. तुटक्या कानाचा. देऊळ झाडून काढे. लई गरीब मानूस. गाव पुसलं तं बदनापूर म्हने."

शैला पायरीवरच बसली. "कुठे आहे आता?"

"गेला. दिवाळीत होता, मले पनत्या लावू लागला. मंग एक दिवस दिसलाच न्हाई. कोन पुसते, कुठं चालला म्हनून?"

कचरू मागेच उभा होता. त्याने ऐकलं. गाडीपाशी येऊन त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, म्या वेरूळ म्हणलो. माझंच चुकलं."

"रस्ता खरंच खराब होता, कचरू," शैला म्हणाली. सिंदखेडराजा येईपर्यंत ती रडली नाही आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो जिवंत आहे, हे ऐकून सासूबाईंना धीर येईल असं तिला वाटलं होतं. गिरिजाबाईंनी नजर आढ्याकडे वळवली.

"म्हणजे चांगला शुद्धीत आहे," त्या म्हणाल्या. "पणत्या लावतो. आणि घरी येत नाही."

त्यानंतर त्यांनी "दिसला?" असं कधीच विचारलं नाही. शैला लोणारच्या आसपास आणखी हिंडली, मेहकर पाहिलं, खेड्यातली देवळं पाहिली. पण आता शोधताना तिचा पाय अडखळू लागला. हरवलेल्या माणसाला शोधणं वेगळं. हा तर न येणारा माणूस होता. समोर आलाच तर त्याला काय म्हणायचं, हे तिला सुचेना.

सत्त्याण्णवच्या थंडीत गिरिजाबाई गेल्या. तेराव्याला कचरू येऊन ओट्यावर बसला. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "बाई, आता रातच्याला परतायची घाई न्हाई. नाशिक म्हणा, पंढरपूर म्हणा, तिकडं तुळजापूर म्हणा. मुक्काम करता येतो. कुठं बी चला, मी हाय."

इतकी वर्षं शैलाला वाटायचं, दिवस मावळतो म्हणून आपण हात हलवत परततो. एक रात्र मिळाली असती तर पुढच्या गावी तो सापडला असता. सासूबाईंवर तिने याबद्दल मनात रागही धरला होता. आता सगळ्या रात्री तिच्या होत्या आणि सगळे रस्ते मोकळे होते. तिने नाशिकचा विचार केला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. एवढ्या मोठ्या मुलखात कोणत्या पायरीशी जाऊन वाकायचं?

"कुठं निघायचं बाई?" कचरूने पुन्हा विचारलं.

"कुठेच नाही," शैला म्हणाली. "तू दुसरी भाडी घे आता."

कचरू चपला घालून गेला. शैलाने कपबशा उचलल्या आणि आत जाऊन सासूबाईंच्या खाटेवरची गादी गुंडाळायला घेतली. गादीला मधोमध खोल खड्डा पडला होता. ती काही केल्या नीट गुंडाळली जाईना.