ताणलेली स्प्रिंग

मी लिहावं असा काही माझा अधिकार नाही, चुकलं तर माफ करा. पण जळलेल्या टिकलीचा वास आला की आमच्या गव्हाण गावचे शेजारचे काका आठवतात. मागच्या दिवाळ्यांतल्या मोडक्या पिस्तुलांचे भाग काढून ते मुलाचं लहानपणीचं पिस्तूल दुरुस्त करत होते, कारण दुबईत जन्मलेला नातू या दिवाळीला पहिल्यांदाच घरी येणार होता. मी कॉलेजात शिकतो म्हणून त्यांनी विश्वासाने स्प्रिंग माझ्या हातात दिली. जोर वाढेल म्हणून मी ती ताणली आणि ती कायमची ढिली पडली. "कालेजान ह्याच शिकवतान का र?" काका हसले, पण तशी दुसरी स्प्रिंग सुट्या भागांच्या डब्यात नव्हती. परीक्षेसाठी मी मान खाली घालून पनवेलच्या खोलीवर परतलो. दिवाळीनंतर आईचा फोन आला: काकांनी त्याच स्प्रिंगचे सैल वेढे कापून ती आखूड बसवली, आणि नातवाने पहिली टिकली वाजवली.